चोपन्न टक्क्यांची भक्ती

फेब्रुवारीच्या मध्याला सिअ‍ॅटलच्या वर्तमानपत्रांत दर वर्षी एक बातमी येते: पिचर आणि कॅचर कामावर रुजू झाले. बस, एवढीच. कोणी जिंकलेलं नसतं, कोणी हरलेलं नसतं. अ‍ॅरिझोनातल्या पिओरिया नावाच्या गावी, लख्ख उन्हात, लठ्ठ पगाराची काही माणसं ठरलेल्या दिवशी कामावर हजर झाली, याची ही बातमी. सोबत फोटो असतो. फोटोत काही जण गवतावर पाय ताणून बसलेले असतात आणि एक जण बाटलीतून पाणी पीत असतो. बाहेर ऑक्टोबरपासून लागलेली झड थांबायचं नाव घेत नाही, आणि हा पाणी पिणारा माणूस पाहून अख्ख्या गावाच्या डोळ्यांत पाणी येतं.

आठवड्याभरात बाकीचे खेळाडू येतात आणि मुलाखतींना सुरुवात होते. त्यांतला प्रत्येक जण आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत असतो. ज्याचा खांदा गेल्या वर्षी दुखावला होता, त्याचा खांदा आता पूर्वीपेक्षा मजबूत आहे. जो बरा खेळला होता त्याने दहा पौंड उतरवलेत आणि जो वाईट खेळला होता त्याने दहा पौंड चढवलेत. दोघेही याचं श्रेय एकाच आहारतज्ज्ञाला देतात. हे सगळं आम्ही दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी त्यावर विश्वास ठेवतो. आम्ही म्हणजे सिअ‍ॅटल मरिनर्सचे चाहते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपतो. या सहा महिन्यांत प्रत्येक संघ १६२ मॅच खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यातून वरचे संघ प्लेऑफला जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटी दोन संघ वर्ल्ड सीरिज खेळतात. एकूण संघ ३०. त्यांतला वर्ल्ड सीरिजला एकदाही न पोचलेला संघ एकच, तो आमचा. जिंकणं सोडा, तिथे जाऊन हरण्याचा मानसुद्धा आम्हाला मिळालेला नाही.

या शहराच्या नशिबात बेसबॉल आहे की नाही, याची शंका देवालाही असावी. आधी १९६९ मध्ये पायलट्स नावाचा संघ आला. तो एक मोसम टिकला, दिवाळखोरीत निघाला आणि पुढच्या मोसमाला जेमतेम आठवडा उरला असताना मिलवॉकीला गेला. मग १९७७ मध्ये मरिनर्स आले. मोसमात हरलेल्या मॅचपेक्षा जिंकलेल्या मॅच जास्त, ही किमया पहिल्यांदा साधायला त्यांना १९९१ साल उजाडावं लागलं. १९९२ मध्ये संघ फ्लोरिडाच्या वाटेला लागला होता. तेव्हा निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी पैसा ओतून तो सिअ‍ॅटलमध्येच ठेवला. स्वतः मात्र ते संघाची एकही मॅच मैदानात बघायला आले नाहीत. इतका दूरदृष्टीचा माणूस आमच्यात पुन्हा झाला नाही. पुढे १९९४ च्या जुलैमध्ये किंगडोम या बंदिस्त स्टेडियमच्या छताच्या चार फरशा मॅचच्या आधी खाली आल्या. नशिबाने प्रेक्षक अजून आत यायचे होते. मरिनर्सना त्यानंतर बाहेरगावीच खेळावं लागलं आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप होऊन मोसमच बुडाला. छत कोसळल्यावर आभाळही कोसळलं, असं म्हणायची सोय झाली.

मी इथे आलो तो १९९५ च्या उन्हाळ्यात, सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. माझा घात झाला तो तिथेच. ऑगस्टच्या सुरुवातीला १३ मॅचनी मागे असलेल्या या संघाने सप्टेंबरात मुसंडी मारली, गट जिंकला आणि न्यूयॉर्क यँकीजशी पाच मॅचची मालिका ०-२ अशा पिछाडीवरून जिंकली. शेवटच्या मॅचच्या अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात फटका मारला आणि केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून सुसाट पळत घरी आला. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या ग्रिफीचा हसरा चेहरा मी टीव्हीवर पाहिला आणि माझा पक्का समज झाला की हा संघ जिंकतो. नव्या माणसाला असे समज करून घ्यायची हौस असते.

त्यानंतर २००१ मध्ये मरिनर्सनी १६२ पैकी ११६ मॅच जिंकल्या. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. प्लेऑफमध्ये यँकीजनी चार-एकने घरी पाठवलं. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं सगळे म्हणाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात आमच्याकडे मुलगी झाली. तिचं बारसं झालं, दात आले, दात पडले, शाळा झाली, ड्रायव्हिंग लायसन्स झालं, कॉलेज सुरू झालं. मरिनर्स काही प्लेऑफला गेले नाहीत. ते गेले एकदम २०२२ मध्ये. त्यामुळे आमच्या घरातली खरी जन्मजात चाहती तीच. मी निदान सुखाचे दिवस पाहून दुःखात पडलो. तिने डोळे उघडले तेच दुष्काळात.

या २१ वर्षांत आम्ही पराभवाची एक उच्च संस्कृती उभी केली. संघ हरत असला तरी एखादा माणूस असा खेळायचा की मैदानात जावंच लागे. २००४ मध्ये इचिरो सुझुकीने एका मोसमात २६२ हिट्सचा विक्रम केला, जो आजही अबाधित आहे. त्या वर्षी संघ ९९ मॅच हरला. फेलिक्स हर्नांडेझने २०१२ मध्ये एकही फलंदाज बेसवर येऊ न देता अख्खी मॅच टाकली, आणि बिचारा सारी कारकीर्द इथे घालवून प्लेऑफचा एकही चेंडू न टाकता गेला. आमचे शेजारी, बोइंगमधून निवृत्त झालेले आजोबा, १९७७ पासून या संघाच्या मागे आहेत. ते म्हणतात, जिंकणाऱ्या संघाचे चाहते फक्त निकाल बघतात, खेळ आपणच बघतो. हे वाक्य फार खोल आहे. दुसरं काही बघायलाच नसल्यावर माणूस खोल जातोच.

२०२३ चा मोसम मरिनर्सनी एका मॅचने प्लेऑफ हुकवून संपवला. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत संघाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी हिशोब मांडला की दहा वर्षांच्या पट्ट्यात ५४ टक्के मॅच जिंकल्या, तर संघ कधी ना कधी वर्ल्ड सीरिजला पोचतोच. वर असंही म्हणाले की चाहत्यांना धीर धरायला सांगून आम्ही खरं तर त्यांच्यावर उपकारच करतो आहोत. शहर भडकलं. डिपोटोंनी शब्दांबद्दल माफी मागितली, पण ५४ हा आकडा गावात शिवी होऊन बसला.

आमच्या घरी त्याचे पडसाद निराळे उमटले. माझ्या पिढीच्या मराठी माणसाला ५४ टक्के म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. सेकंड क्लास. पास आहे, पण पेढे आणायचे की नाही यावर घरात दोन मतं पडतात. समोरच्या काकूंनी ‘किती मिळाले?’ विचारलं, तर आई ‘सुटला एकदाचा’ एवढंच सांगून विषय पापडांकडे नेते. पेपरात फोटो येत नाही, पण घर सोडून पळूनही जावं लागत नाही. बायको म्हणाली, ‘आमच्या वेळी चोपन्न टक्क्यांना चांगल्या कॉलेजात सायन्स मिळत नव्हतं. आणि हे म्हणे वर्ल्ड सीरिजला निघाले!’ तिला ८२ टक्के होते. हा आकडा आमच्या घरात ११६ विजयांच्याही वर टांगलेला आहे.

मी तिला समजावलं की या खेळाचं बोर्डच वेगळं आहे. इथे दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज थोर समजला जातो, आणि आपल्याकडे ३५ला पास करतात, म्हणजे तो थोर माणूस नापास. इथे ज्या संघाला साठ टक्के पडतात तो बोर्डात आल्यासारखा मिरवतो. मग मी कागद-पेन घेऊन बसलो. २०२१ पासूनच्या पाच मोसमांत मरिनर्सचे विजय अनुक्रमे ९०, ९०, ८८, ८५ आणि ९०. बेरीज ४४३. मॅच ८१०. टक्के ५४.७. डिपोटोंनी सांगितलं तेवढं तंतोतंत करून दाखवलं होतं! इतक्या काटेकोरपणे सेकंड क्लास टिकवायचा तर विद्यार्थ्याला फार अभ्यास करावा लागतो.

पण नुसत्या गणितावर विसंबून राहील तो चाहता कसला? शेवटी प्रश्न दैवाचा आहे, आणि या बाबतीत सिअ‍ॅटलचे लोक, जे एरवी सोमवारपासून शुक्रवारपर्यंत अल्गोरिदम लिहितात, ते आपल्या कुठल्याही खेड्याला हार जाणार नाहीत. मरिनर्सचं जुनं बोधचिन्ह होतं त्रिशूळ, तोही इंग्रजी एम अक्षर साधण्यासाठी उलटा केलेला, टोकं खाली. सगळं नशीब त्यातून गळून गेलं, असं जुने लोक छातीठोकपणे सांगतात. आता होमरन मारून परतलेल्या खेळाडूच्या हातात त्रिशूळ देतात, सरळ धरलेला. दर मॅचला मैदानात चार माणसं सामन माशाच्या वेशात शर्यत लावतात. त्यांतला हम्पी नावाचा मासा कधीच जिंकत नसे. पडायचा, भरकटायचा, नाचत बसायचा. गेल्या सप्टेंबरात तर संघाची गाडी रुतली, तेव्हा एका चाहत्याने एट्सी या वेबसाइटवर रीतसर पैसे मोजून एका चेटकिणीकडून मरिनर्ससाठी मंत्र टाकून घेतला. त्या सुमारास संघ सलग दहा मॅच जिंकला. मी देशात असतो तर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना फोन केला असता. इथे मी त्या चेटकिणीचे दर किती आहेत ते पाहून ठेवले.

मग आला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. डेट्रॉइटविरुद्धच्या पाचव्या आणि निर्णायक मॅचमध्ये हम्पी आयुष्यात पहिल्यांदा शर्यत जिंकला. आणि ती मॅच १५ इनिंग चालून मरिनर्सनी ३-२ अशी घेतली. यानंतर माशाच्या वेशातल्या माणसाच्या दैवी सामर्थ्याबद्दल शंका घेणं हे उघड नास्तिकपणाचं ठरलं असतं.

पुढची मालिका टोरांटो ब्लू जेजशी. चार जिंकले की वर्ल्ड सीरिज. पहिल्या दोन मॅच आम्ही त्यांच्या घरी जाऊन मारल्या. मग दोन हरलो, एक जिंकलो, एक हरलो. सातवी आणि शेवटची मॅच २० ऑक्टोबरला. पंचांगात त्या दिवशी नरक चतुर्दशी होती. मी त्याकडे शकुन म्हणून पाहिलं. पहाटे अभ्यंगस्नान झालं. इथे कारीट मिळत नाही, म्हणून चेरी टोमॅटो अंगठ्याखाली चिरडून नरकासुराचा वध उरकला. आता एकच राक्षस उरला होता, तो टोरांटोत.

संध्याकाळी घरात आसनव्यवस्था ठरली. कोचाच्या उजव्या टोकाला मी, मुलगी जमिनीवर उशी घेऊन, आणि आधीच्या विजयाच्या दिवशी बायको काही कामाने स्वयंपाकघराच्या दारात उभी असतानाच एउहेनियो सुआरेझने चार रन देणारा ग्रँड स्लॅम मारला होता, म्हणून तिने पूर्ण मॅचभर त्याच दारात उभं राहावं अशी आम्ही बापलेकीने नम्र विनंती केली. तिने ती ज्या शब्दांत फेटाळली ते छापण्याजोगे नाहीत. पण सातव्या इनिंगला पाहिलं तर चकलीचा सोऱ्या हातात घेऊन ती दारातच उभी होती.

तेव्हा आम्ही ३-१ असे पुढे होतो. आठ आउट घ्यायचे होते. फक्त आठ. समोर आला जॉर्ज स्प्रिंगर. तीनच दिवसांपूर्वी गुडघ्यावर चेंडू बसून लंगडत बाहेर गेलेला, आणि ह्यूस्टनकडून खेळत असल्यापासून सिअ‍ॅटलला डोळ्यांसमोर नको असलेला माणूस. दोन जण बेसवर. त्याने चेंडू उचलला. आवाजावरूनच कळलं. मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही, उशीत तोंड घातलं. ४-३. तेच शेवटपर्यंत टिकलं. बायको काही न बोलता आत गेली, गॅस पेटवला आणि दुसरा घाणा तळायला घेतला. रात्री शेजारचे आजोबा फराळाचं ताट घ्यायला आले. चकली मोडत म्हणाले, ‘चला, निदान हरण्याची जागा तरी नवी होती.’

आणि नेमकं इथेच यंदाचं दुखणं आहे. आजवर फेब्रुवारीतली आमची आशा निर्भेळ होती, कारण तिला कसलाच आधार नव्हता. निराधार आशा माणसाला कधी दगा देत नाही. यंदा मात्र आधार आहे. आमचा कॅचर कॅल राली याने गेल्या वर्षी ६० होमरन मारले. इतके आजवर कुठल्याही कॅचरने मारलेले नाहीत. आता यंदा त्याने ४० मारले, म्हणजे पूर्वी ज्या आकड्याला गावजेवण घातलं असतं तो आकडा, तर ‘राली घसरला’ म्हणणारे निघतील आणि त्यांत मी पहिला असेन. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन ठेवून घेतलं आहे. हा देहाने भारदस्त गडी लीगमधल्या सर्वांत संथ धावणाऱ्यांत मोडतो, आणि गेल्या मोसमात त्याने ३० बेस चोरले, म्हणजे पिचरची नजर चुकवून पळत पुढचा बेस गाठला. एवढा ऐवज डोळ्यांदेखत जातो आणि पिचरच्या लक्षात येत नाही, कारण हा माणूस चोरी करेल हेच कोणाला पटत नाही. पिचिंग उत्तम आहे. मॅनेजर डॅन विल्सन हा १९९५ च्या त्याच संघाचा कॅचर. जाणकार आमचं नाव गटात वर लिहू लागलेत. डेट्रॉइटला संपवणारा होर्हे पोलांको तेवढा न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. काहीतरी कमी हवंच. भरल्या ताटाची मला भीती वाटते.

त्यात भर म्हणजे नवे भाविक. गेल्या ऑक्टोबरात टोप्या विकत घेतलेली मंडळी आता महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला हातावर तिळगूळ ठेवता ठेवता विचारतात, ‘काय, यंदा तुमची टीम काढणार म्हणे वर्ल्ड सीरिज?’ इतक्या मोठ्याने! समोसे खाताना! २१ वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते ‘अजून बघतोस का रे?’ असं, आजारी माणसाची चौकशी करावी तशा सुरात, आणि ते बरं होतं. हरलो तरी इभ्रत जात नसे, कारण कोणाला काही शब्द दिलेला नसायचा. आता उघड दृष्ट लागायची पाळी आली. मुलीने घरात नियम केला आहे की सप्टेंबर उजाडेपर्यंत ‘वर्ल्ड सीरिज’ हा शब्द उच्चारायचा नाही. ‘ते’ म्हणायचं. ‘बाबा, ते झालं तर तुम्ही मला तिकीट काढून द्याल का?’ ‘ते’चं तिकीट किती असतं ते मी चेटकिणीच्या दरांशेजारी लिहून ठेवलं आहे. चेटकीण स्वस्त आहे.

तरीही चाहत्याने मोसमापूर्वी भाकीत करायचंच असतं. माझं वार्षिक भविष्य असं. एप्रिल: सिअ‍ॅटलच्या गारठ्यात चेंडू उडत नाही, फलंदाजांचे हात गारठतात, ग्रह प्रतिकूल. आमच्या स्टेडियमला सरकतं छप्पर आहे खरं, पण ते नुसतं डोक्यावर येतं, बाजू उघड्याच, त्यामुळे भिजणं टळतं आणि काकडणं टळत नाही. प्रकृतीला जपावे. तिथे लिंबू-तिखट लावलेले भाजके नाकतोडे मिळतात, ते ज्याने त्याने आपापल्या धर्मानुसार ठरवावे. मे-जून: यंदा अधिक ज्येष्ठ आहे. अधिक मासात जावयाला अनारशांचं वाण देतात, आमचे पिचर समोरच्या संघाला रनांचं देतील. जुलै: घरात मतभेद, एखाद्या तरुण खेळाडूला विकून म्हातारा खेळाडू आणण्याचे योग. ऑगस्ट: सलग सहा पराभव, मन अध्यात्माकडे वळेल. सप्टेंबर: सलग नऊ विजय, अध्यात्म सुटेल. एकूण ८८ विजय, ७४ पराभव. टक्के काढून पाहा. ५४.३.

आणि ऑक्टोबर. कालनिर्णय चाळताना माझ्या लक्षात आलं की यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षी घात झाला, तीच तारीख. शिवाय मरिनर्सचा हा पन्नासावा मोसम. इतकी वर्षं जी वेस ओलांडता आली नाही ती ओलांडायला याहून चांगला मुहूर्त कुठून आणायचा? मी हे स्वयंपाकघरात जाऊन उत्साहाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘सीमोल्लंघन करायचं असेल तर आधी साठ टक्के पाडा म्हणावं. सेकंड क्लासवाल्यांनी सोनं लुटायची स्वप्नं बघू नयेत.’ मी पंचावन्न म्हणालो. ती अठ्ठावन्नवर आली. बोलणी सध्या छप्पन्नवर अडली आहेत, आणि मोसम सुरू व्हायला अजून अवकाश आहे.